मार्केटिंगचं प्रात्यक्षिक

दीड तास झाला तरी डॉक्टरांचं बोलावणं आलं नव्हतं, आणि बाबा मनातून खूश होते.

बाहेरच्या बाकावर बापलेक बसले होते. बाबांच्या मांडीवर कंपनीची काळी बॅग, मुलीच्या हातात फोन. त्यांच्यामागून आलेले सहा पेशंट तपासून गेलेसुद्धा. दर वेळी दार उघडलं की बाबा अर्धवट उठायचे आणि कंपाउंडर हातानंच त्यांना खाली बसवायचा.

"रोज असंच असतं?" मुलीनं विचारलं.

"हे तर बरंय. इथं निदान पंखा आहे."

सव्वीस वर्षं ते औषध कंपनीचे एमआर होते. कंपनीच्या गोळ्या डॉक्टरांच्या गळी उतरवणं हेच काम. जेवताना ते दिवसभराचे किस्से रंगवून सांगत. कोणते डॉक्टर खुर्ची पुढे करतात, कोणी चहा पाजला, कोणी त्यांचं मत विचारलं. ते ऐकत मुलगी मोठी झाली आणि बारावी होताच म्हणाली, "मला मार्केटिंगच करायचंय. तुमच्यासारखं."

बाबांना नेमकं तेच नको होतं. किस्से खोटे नव्हते. पण तेवढा मान मिळवायला किती जोडे झिजवले, महिनाअखेरीस टार्गेटपायी जीव कसा टांगणीला लागतो, हे त्यांनी घरात कधी येऊ दिलं नव्हतं. शिवाय मुलीचं गणित असं, की शिक्षक घरी येऊन कौतुक करून गेले होते.

दोन कॉलेजांत तिला जागा मिळाली होती. एक दुसऱ्या शहरातलं, नावाजलेलं, मार्केटिंगचं. दुसरं जवळचं, संख्याशास्त्राचं. कुठली जागा पक्की करायची ते आज संध्याकाळी सहापर्यंत कळवायचं होतं. बाबांनी परोपरीनं समजावून पाहिलं. "तुम्ही नाही का करत?" एवढं विचारून ती त्यांचं तोंड बंद करायची.

मग त्यांना ही युक्ती सुचली. हे डॉक्टर पंधरा वर्षांच्या ओळखीचे, अगदी घरच्यासारखे. मागच्या आठवड्यात त्यांना जिन्यात गाठून बाबा म्हणाले होते, "साहेब, सोमवारी मुलीला फेरीवर बरोबर आणतो. तिच्यासमोर माझी चांगली खरडपट्टी काढा. तिच्या डोक्यातलं खूळ गेलं पाहिजे." डॉक्टर गाडीची किल्ली शोधत हसले होते. "हो हो, काढू की."

शेवटी कंपाउंडरनं मान हलवली. "ही कोण?"

"शिकाऊ आहे," बाबा म्हणाले. मुलीला तसं आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर तिला आत सोडलं नसतं.

डॉक्टर लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही. "आता जोडीनं यायला लागलात?"

बाबांनी बॅग उघडून नव्या गोळ्यांची चार पाकिटं टेबलावर मांडली. "साहेब, फक्त दोन मिनिटं..."

"पंधरा वर्षं दोन मिनिटं, दोन मिनिटं करत डोकं खाताय माझं. ही गोळी नवी आहे? जुनीच आहे, वेष्टन बदललंय. लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला?"

लाजेचं काही ठरलं नव्हतं. बाबांना कौतुक वाटलं. गडी रंगात आला होता.

डॉक्टरांनी पाकिटं हातानं लोटली. दोन खाली पडली. "उचला ती. आणि तू गं, नवी आहेस म्हणून सांगतो. दुसरं काहीच जमत नसेल तरच ह्यात पड. ह्यांच्याकडे बघ. केस पिकले तरी लोकांच्या दारात हात जोडून उभे."

बाबा वाकले. गुडघा कटकन वाजला. एक पाकीट टेबलाखाली पार आत गेलं होतं. ते काढताना त्यांना हसू आवरेना. तोंड टेबलाखाली होतं म्हणून निभावलं.

बाहेर आल्यावर मुलीनं त्यांच्या हातातली बॅग घेतली. बसस्टॉप येईपर्यंत तिनं ती दिली नाही.

"घरी कधी बोलला नाहीत हे," ती म्हणाली.

"काय बोलायचं त्यात?"

"सगळेच असे वागतात?"

बाबांनी पंधरा डॉक्टरांच्या पंधरा खुर्च्या मनातल्या मनात बाजूला सारल्या. "बहुतेक."

पाच वाजता तिनं लॅपटॉप उघडला. संख्याशास्त्राची जागा पक्की केली, मार्केटिंगची सोडली. सोडताना तिचं बोट थोडा वेळ तसंच अधांतरी राहिलं. मग ती वळून म्हणाली, "मी लवकर कमवायला लागेन, बाबा. मग तुम्ही हे सगळं सोडून द्या." आणि खोलीत जाऊन तिनं दार लोटून घेतलं.

बाबांना जरा चुटपुट लागली. पण वर्षा-दोन वर्षांनी तिला खरं काय ते सांगू, तीही पोट धरून हसेल, असं म्हणत त्यांनी मनाची समजूत घातली. गॅलरीत जाऊन त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

"साहेब, काम फत्ते झालं. तुमचे आभार कसे मानू?"

"कोण बोलतंय?"

बाबांनी कंपनीचं नाव सांगितलं.

"हां हां. तुमच्या मुलीचं ना? आहे माझ्या लक्षात. उद्या मंगळवारी आणताय ना तिला? अजिबात काळजी करू नका. आज त्या शिकाऊ पोरीसमोर बोललो तसं नाही बोलणार. पोटच्या मुलीसमोर माणसाचं किती काढायचं, तेवढं कळतं मला."