नाव आणि पत्ता

"आधी नाव आणि पत्ता सांगा, मग बोला," अध्यक्ष प्रॅट पुन्हा म्हणाले. संध्याकाळपासून ते हेच सांगत होते, आणि माइक हातात आला की जो तो आधी भाषण ठोकत होता.

लिंडन शाळेच्या जेवणघरात सभा भरली होती. पोरांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. वर्गांत मुलं मावत नव्हती, म्हणून ज्या वस्तीतली मुलं घ्यायची तिची हद्द शाळा मंडळाने आत ओढायचं ठरवलं होतं. आजवर ती रेल्वेच्या रुळांपर्यंत होती. नव्या नकाशात रुळांलगतची अख्खी ऑल्डर स्ट्रीट बाहेर पडत होती. तिथल्या मुलांनी यापुढे रुळांपलीकडच्या फाउंड्री रोडच्या शाळेत जायचं होतं. त्या शाळेचं नाव निघालं की लोक नुसतेच घसा खाकरत.

रेनी कोस्टेलो मागच्या बाकावर होती. वृद्धाश्रमातली पाळी संपवून ती थेट इथे आली होती आणि तिच्या पायांचे तुकडे पडले होते. तिची मुलगी जुनी सात वर्षांची. बोलताना अडखळायची, पोरं हसायची, म्हणून तिने बोलणंच सोडलं होतं. लिंडनमधल्या शिक्षिका मिस अबारांनी तिला बोलतं केलं. आता ती घरी इतकं बोलायची की रेनीला कधी कधी 'गप्प बस बाई' म्हणावंसं वाटे, आणि तसं वाटल्याचंच रडू येई. मिस अबारा सुटल्या, की सगळं मुसळ केरात.

शेजारी ग्लेन्डा हॅटफील्ड बसली होती. तिचा मुलगा जुनीच्याच वर्गात. ऑल्डर स्ट्रीट वाचवायची मोहीम तिचीच होती. पाट्या तिच्या, घोषणा तिच्या, आणि आवाजही बहुतेक तिचाच.

"अगं, हद्द बदलायची गरजच काय?" ग्लेन्डा कुजबुजली. तिची कुजबुज तीन बाकांना ऐकू जाई. "खोटे पत्ते देऊन घुसलेत ना पलीकडचे, त्यांना हाकला आधी. निम्मी शाळा रिकामी होईल."

"हो ना," रेनी म्हणाली.

दुसरं काय म्हणणार? ती स्वतःच रुळांपलीकडे राहत होती, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. ऑल्डर स्ट्रीटवर ती जायची ती फक्त रविवारी, ओपडाइक नावाच्या म्हाताऱ्या विधुराला अंघोळ घालायला. जुनीची कहाणी ऐकून तोच म्हणाला होता, "माझा वरचा मजला धूळ खात पडलाय. तुम्ही दोघी तिथे राहता असं देतो लिहून. माझं काय जातंय? फक्त कुणाला बोलू नकोस."

खोटं पचलं होतं, पण अंगी लागलं नव्हतं. ग्लेन्डाने 'आमच्या गल्लीत' म्हटलं की रेनीला घाम फुटायचा. बरं एवढंच, की ग्लेन्डाने तिला घराचा नंबर कधी विचारला नव्हता. "कॉफीला ये गं एकदा," ती दर आठवड्याला म्हणायची. "तूच ये," रेनी म्हणायची. मग दोघी आपापल्या गाडीकडे वळायच्या.

"तू आज बोलायचंस," ग्लेन्डाने कोपराने ढोसलं. "जुनीचं सांगितलंस तर दगडाला पाझर फुटेल. तुझं नाव देऊन टाकलंय मी. तुझ्या मागोमाग माझं."

"ग्लेन्डा! मला न विचारता?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

तेवढ्यात पुढून एक टकलू गृहस्थ ओरडला, "ऑल्डरवाल्यांचं रडगाणं पुरे! तुमच्या गल्लीत खरे राहणारे किती, ते बघा आधी!"

ग्लेन्डा ताडकन उठली. "चोराच्या उलट्या बोंबा! आमच्या गल्लीतलं घर न् घर ओळखते मी!"

टाळ्या पडल्या. रेनीनेही दोन वाजवल्या. घर न् घर ओळखते म्हणजे ओपडाइककडे वर कुणी राहत नाही, हेही ओळखणारच की.

"शांत बसा," प्रॅट वैतागले. "माइकवर फक्त पालक येतील. शाळेत नोंदवलेला पत्ताच सांगायचा. क्लार्क ताडून बघतील, जुळला नाही तर चौकशी होईल. पुढचं नाव, रेनी कोस्टेलो."

दार मागेच होतं. पण पळून जायलाही अंगात ताकद हवी. आणि जुनीचं दुसरं कोण सांगणार होतं? ती उठली.

"रेनी कोस्टेलो. दोनशे चौदा, ऑल्डर स्ट्रीट. वरचा मजला."

क्लार्कने मान डोलावली. रेनीने मागे पाहिलं नाही.

"मला भाषण येत नाही," ती म्हणाली. "माझी मुलगी वर्ष-वर्ष बोलत नव्हती. काल जेवताना म्हणाली, 'मीठ दे, तू विसरलीस वाटतं.' एका दमात म्हणाली. तिला मिस अबारांपासून तोडू नका. बास, एवढंच."

कुणीतरी नाक ओढलं. मग टाळ्या झाल्या, टकलूनेही वाजवल्या. रेनी वळली तेव्हा ग्लेन्डा वाटेत उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि डोळे रेनीवर खिळले होते. ओळखलं हिने, रेनीला वाटलं. संपलं आता.

"नको गं सांगूस," जवळून जाताना ती पुटपुटली. "माझ्यासाठी नाही, जुनीसाठी."

ग्लेन्डा पुढे सरकली. माइकपाशी जाऊन उभी राहिली. अख्ख्या सभेला पुरून उरणारी बाई, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना.

"नाव?" प्रॅटनीच विचारलं.

"ग्लेन्डा हॅटफील्ड."

"पत्ता?"

रेनी वाटेतच थांबली. बसायचंही तिला सुचलं नाही.

"मॅडम, पत्ता सांगा. त्याशिवाय बोलायचा वेळ सुरू होत नाही."

ग्लेन्डाने माइक तोंडापासून जरा लांब धरला.

"दोनशे चौदा, ऑल्डर स्ट्रीट," ती म्हणाली. "वरचा मजला."