वरच्या मजल्याची सवलत

“वरचा मजला रिकामा दिसतोय, मिसेस ऑकरॉइड,” नगर कौन्सिलचा माणूस छताकडे बघत म्हणाला. “रिकाम्या जागेला करसवलत मिळत नाही.”

विनी ऑकरॉइड चपापली. तशी ती भित्री बाई नव्हे. सगळा जन्म शाळेत दांडग्या पोरांना धाकात ठेवण्यात गेलेला. पण ब्रॅकनशॉच्या बाजारातलं हे जुन्या वस्तूंचं दुकान धर्मादाय संस्थेचं, म्हणून कौन्सिल त्याचा बहुतेक कर माफ करायची. माफी होती म्हणून दुकान होतं. आणि दुकान होतं म्हणून वर लपून राहिलेली जून होती.

“रिकामा नाही हो. सामान असतं वर,” विनी म्हणाली.

“मग बघून घेतो.”

“किल्ली माझ्या बायकोकडे आहे,” गल्ल्यावर बसणारा मदतनीस हेडली म्हणाला. “आणि बायको बहिणीकडे. बहीण समुद्राकाठी. तुम्ही आपलं उन्हाळा संपला की या.”

माणूस हसला. सभ्य होता बिचारा, आवाजही मऊ. “मला डोळ्यांनी बघावंच लागेल. नाहीतर रिकामा धरून पूर्ण कर लागेल. मला ते आवडणार नाही.”

“एक मिनिट हं,” म्हणत विनीने हेडलीला दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं.

“पूर्ण कर लागला तर महिन्याभरात कुलूप लागेल,” ती कुजबुजली. “मग ती पोर जाईल कुठे?”

“आणि हा तिच्या नवऱ्याने पाठवलेला असला तर?”

विनीने मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं. जूनमध्ये आली म्हणून तिचं नाव जून. खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. तसा नियमच होता संस्थेचा: आसऱ्याला आलेल्या बाईला नाव, गाव, नवरा कोण, काय करतो, काही विचारायचं नाही. आपल्याला ठाऊकच नसेल तर आपल्या तोंडून निसटणार काय? विनीला या नियमाचा फार अभिमान होता.

जूनने एकदाच तोंड उघडलं होतं. दुकान बंद झाल्यावर ती खाली येऊन देणगीत आलेले कप धुऊन फळीवर लावायची. एकाचा कान इकडे, दुसऱ्याचा तिकडे. विनी सहज म्हणाली, “अगं, एका ओळीत लाव ना, छान दिसतील.” तर पोरगी हातातला कप ठेवून मागेच सरली. “नको ना. घरी तसेच लागायचे. सगळे कान उजवीकडे. एक चुकला तर...” आणि तिने करंगळी पुढे केली. मोडून वाकडीच जुळली होती ती. त्या दिवसापासून फळीवरच्या कपांना कोणी हात लावला नव्हता.

“फोन कर कौन्सिलला,” हेडली म्हणाला. “आणि त्याच्या ओळखपत्रावरचा नंबर नको लावूस.”

“एवढी दूधखुळी नाहीये मी.” विनीने कराच्या जुन्या बिलावरचा नंबर लावला. पलीकडच्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हो, मिस्टर हॉल्डन आमचेच. कर विभागात चौदा वर्षं आहेत. उंच, करड्या केसांचे, डाव्या भुवईवर व्रण. हो, आज तुमच्याकडेच पाठवलंय.

विनीने दाराच्या फटीतून पाहिलं. उंच, करडे केस, भुवईवर व्रण. तिला एकदम हायसं वाटलं.

“खराच आहे रे बाबा. उगाच घाबरवलंस मला!”

बाहेर येऊन तिने त्याला खरं काय ते सांगून टाकलं. वर नवऱ्याच्या मारापासून पळालेली एक बाई राहते, हेच संस्थेचं काम, आता याहून धर्मादाय ते काय असणार?

“मग तर प्रश्नच मिटला,” तो म्हणाला. “एकदा बघतो आणि शेरा मारतो. सवलत चालू राहील.”

विनी पुढे, तो मागे. जिन्यात तो अवाक्षर बोलला नाही, पाऊलही हलकं टाकत होता. बाई घाबरू नये म्हणून असेल, विनीला वाटलं. किती समजूतदार माणूस! तिने ठरल्याप्रमाणे दोनदा आणि मग थांबून एकदा दार वाजवलं.

“जून, मी आहे गं. कौन्सिलचे साहेब आलेत खोली बघायला. कडी काढ.”

आतून अगदी दाराशी आवाज आला, “नक्की कौन्सिलचेच ना, विनीताई?”

“नक्की. मी स्वतः फोन करून खात्री केलीय. माझ्यावर विश्वास आहे ना?”

“विनी!” खालून हेडली ओरडला. “गिऱ्हाईक खोळंबलंय. कपांचा भाव काय लावलायस?”

“आले, आले! तुम्ही बघा हं, साहेब.” विनी जिना उतरायला लागली. मागे कडी निघाल्याचा आवाज झाला, दार उघडलं, लागलं, आणि कडी पुन्हा आतून बसली.

“हे घ्या, आल्या आमच्या मालकीणबाई,” हेडली गिऱ्हाइकाला म्हणाला. विनी हसत हसत फळीकडे वळली.

फळीवरच्या सगळ्या कपांचे कान उजवीकडे होते.