पेल्यातला फेस

सिंकमधलं खरकटं पाणी नळाला बसवलेल्या गाळणीच्या डबीतून गाळून मिहिकाने पेला शालूआत्यापुढे धरला.

"शी! तुझ्या किडनीतनं गाळलेलं? नरड्याखाली उतरायचं नाही गं."

"अगं, डबीत नुसत्या किडनीच्या पेशी आहेत माझ्या. आईने लॅबमध्ये वाढवल्यात. दूध, आमटी, सगळं त्यांत अडतं आणि स्वच्छ पाणी बाहेर येतं."

"मग हा थुंकीसारखा फेस कसला? ओकारी येते बघून."

किडनीवर संशोधन करणाऱ्या प्राध्यापक आईने पेला हलवून पाहिला. फेस बसेना, म्हणजे पाण्यात प्रथिनं उतरली होती. निरोगी पेशींनी प्रथिनं अशी सोडलीच नसती.

"डबी बिघडली का?" मिहिकाने विचारलं.

"डबी कालच नवी बसवली. पेशी तुझ्याच आहेत," आई हळू म्हणाली. "लघवीला असा फेस येतो का गं?"

"महिनाभर येतोय," मिहिका म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिला त्या पेल्याची किळस आली.