न्यायाधीशाचं नाक

"रविवारी नीलच्या देखत हे कोडं पुरं झालंच पाहिजे," श्रीपादराव म्हणाले. "नाहीतर चिरंजीव मला बदलापूरच्या वृद्धाश्रमात टाकून मोकळे होतील."

"होईल हो, आजोबा. मी आहे ना," अक्षदा म्हणाली.

टेबलावर हजार तुकडे पसरले होते. इंग्लंडात जॉर्ज राजांच्या काळात छापलेलं व्यंगचित्र: सुजलेला पाय स्टुलावर ठेवून बसलेला लठ्ठ उमराव आणि त्याच्या केसांच्या टोपात घर केलेले उंदीर. दुसऱ्याची फजिती झालेली बघायला श्रीपादरावांना भारी आवडायचं. तो उमराव कुणासारखा दिसतो, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात जरा जड झाला होता. डोकं शाबूत आहे, असं त्यांचं म्हणणं. ठाण्याला राहणाऱ्या मुलाला, नीलला, ते पटत नव्हतं. गेले तीन रविवार प्रत्येक कोड्यातला एक तुकडा कमी पडत होता आणि बाबा दर वेळी म्हणत होते, "मी खिशात ठेवला होता!"

आता कोड्याचा तुकडा खिशात कोण ठेवतं?

श्रीपादराव ठेवायचे. शेवटचा तुकडा आपल्याच हाताने बसवायचा, म्हणून एक आधीच लपवायची त्यांची जुनी खोड. बायको गेली, पण तिलाही कधी कळली नाही.

अक्षदा दोन महिन्यांपासून विठ्ठलवाडीहून कोपरला त्यांची देखभाल करायला येत होती. शांत मुलगी, उलट उत्तर नाही. तिला त्यांनी ती खोड सांगून टाकली.

"हे बघ, उमरावाचा डोळा. खिशात ठेवला, बटण लावलं. तू साक्षीदार."

"हो, आजोबा." मग भिंतीकडे बघत तिने विचारलं, "त्या चित्रातला तुकडा कुठे गेला?"

भिंतीवर बिनकाचेच्या चौकटीत एक जुनं कोडं चिकटवलेलं होतं. त्यात न्यायाधीश पेंगतोय, आरोपी म्हणून मोलकरीण उभी आहे आणि खऱ्या चोराच्या खिशातून चांदीचा चमचा डोकावतोय. न्यायाधीशाच्या नाकाच्या जागी नुसतं भोक.

"आमच्याकडे रखमा म्हणून बाई होती, तिने घालवला. दिली हाकलून! चोरटी आहे म्हणून सगळ्या सोसायटीत सांगितलं."

"मग तिला दुसरी कामं मिळाली?"

"कोण देतंय!" श्रीपादराव खो खो हसले. अक्षदाही थोडी हसली.

रविवारी सकाळी आंघोळ घालून तिने त्यांना धुतलेला सदरा घातला. श्रीपादरावांनी आठवणीने तुकडा नव्या खिशात टाकला. अक्षदाने रुमालाची घडी करून त्याच खिशात ठेवली आणि बटण लावलं.

अकराला नील आला. श्रीपादरावांचा डावा हात सरसर चालत होता. नील कौतुकाने बघत होता, अगदी लहानपणी बघायचा तसा. शेवटी एकच भोक उरलं. श्रीपादरावांनी ऐटीत खिशात हात घातला.

रुमाल निघाला. नुसता रुमाल.

"अक्षदा, सांग याला! तुझ्यासमोर ठेवला होता ना मी?"

अक्षदाने मान खाली घातली. "नाही, आजोबा. तुम्ही मला काहीच दाखवलं नव्हतं."

"खोटं बोलतेय ही! नील, अरे, खोटं बोलतेय!"

"बाबा, पुरे आता." नीलने मोबाइल बाहेर काढला. "तिच्यावर कशाला आळ घेताय? मी वृद्धाश्रमाला फोन करतो. आजच जाऊ."

दुपारी बॅग भरून झाली. नील गाडी दारात आणायला खाली गेला. श्रीपादराव खुर्चीत बसून रिकामा खिसा पुन्हा पुन्हा चाचपत होते.

अक्षदाने पर्समधून एक तुकडा काढला. रंग उडालेला, पाण्याने फुगून पुन्हा चपटा झालेला. ती भिंतीपाशी गेली आणि तो अंगठ्याने दाबून बसवला. न्यायाधीशाला नाक आलं.

"हा तुमच्याच सदऱ्याच्या खिशात होता. माझे बाबा तुमचे कपडे इस्त्री करायचे, त्यांना सापडला," ती म्हणाली. "परत द्यायला आले, तर तुम्ही तो बघितलात आणि त्यांच्या तोंडावर दार लावलंत. बारा वर्षं जपलाय, आजोबा. रखमा माझी आई."