पानावरून उठताना

"मग ठरलं! उद्या रविवार, पुन्हा धरणावरच जाऊ," शरदराव वरणभात कालवत म्हणाले.

समोर कुमुदिनीबाई गप्प. चातुर्मासात त्या मुक्यानं जेवत. शब्द निघाला, तर भरल्या पानावरून उठायचं, असा नेम. आणि यांचे मेले प्रश्न नेमके जेवतानाच!

सगळा पावसाळा धरण बघण्यात गेला. आता कुठे ऊन पडलं होतं, देवीच्या पठारावर सोनकी पिवळीधमक फुललेली. आठवडाभरात करपूनही जाईल. त्यांनी नाही-नाही म्हणून मान हलवली. नवऱ्याचं लक्ष ताटात.

"बोलत नाहीस, म्हणजे चालेल तुला."

बाईंनी पहिलाच घास खाली ठेवला. "नाही चालणार. पठारावर जायचंय," म्हणत त्या उठल्या.

"अगं, जेवण?"

शरदरावांनी हातातला घास ताटात ठेवला.

"किती वाजता निघू या?" त्यांनी विचारलं, आणि या वेळी उत्तराची वाट पाहिली.