एका पायावर

जपान्यांच्या कैदेतून सुटलेला नाथाजी सेहेचाळीस साली आष्ट्याजवळच्या आपल्या वस्तीवर परत आला. तेव्हापासून रोज सकाळी तो खळ्यात उभा राहायचा, लांब श्वास ओढायचा, समोर कुणी नसताना ठोसे मारायचा आणि मग एक पाय वर घेऊन तसाच थांबायचा. श्वास कोंडून, अंग थरथरायला लागेपर्यंत.

पोराच्या अंगात येतंय, एवढं त्याच्या आईला, राहीबाईला, कळलं होतं. देव कुठला, ते मात्र कळेना. आज तिनं त्याच्यासमोर ऊद जाळला आणि पदर पसरला.

“कोन हाय तुमी? जोतिबा का बिरोबा? माझ्या लेकराला असं एका पायावर का टांगून ठेवलंय?”

“देव न्हाई, आये,” पाय वरच ठेवून नाथाजी म्हणाला. “कराटे म्हनत्यात ह्याला. छावणीतला एक जपानी पहारेकरी शिकवायचा. लय जीव लावायचा. हितपत्तुर शिकवलं आन् म्हनला, पाय कुठं टेकायचा ते उद्या दावतो. दुसऱ्या दिशी लढाई संपली. त्यो परत दिसलाच न्हाई.”

राहीबाईनं पसरलेला पदर आवरला.

“आरं, लढाई संपली न्हवं? मग टेक की पाय.”

नाथाजीनं खाली पाहिलं. तिनंच सारवलेलं घरचं खळं होतं.

“कुठं, आये?”