मधुसूदन सरांच्या नोंदी

आप्पासाहेबांनी आपला मोबाईल मृण्मयीपुढं सरकवला. "हे सकाळीच आलंय बघा मला. वीज तोडणार म्हणं, इथं दाबा. तुमच्या मशिनला इचारा, खरं हाय का खोटं."

आप्पासाहेब म्हणजे खुलताबादकडच्या एका पतसंस्थेचे अध्यक्ष. सभासदांना खोट्या वेबसाइटींपासून वाचवायचं काम औरंगपुऱ्यातल्या या छोट्या कंपनीला द्यायचं की नाही, हे ते आज ठरवणार होते. काम मिळालं तरच मृण्मयी नोकरीत कायम होणार होती.

कोपऱ्यातल्या खुर्चीत मधुसूदन सर बसले होते. त्यांचा जीव जळत होता, उगाच लपवण्यात अर्थ नाही. अकरा वर्षं या ऑफिसात खोटी वेबसाइट ओळखायची म्हणजे मधुसूदन सरांना हाक मारायची, असा रिवाज होता. आठ महिन्यांपूर्वी ही पोरगी आली आणि चक्क कॉम्प्युटरलाच ते शिकवायला बसली. शिकवायचं म्हणजे काय, तर ऑफिसातल्या पाचजणांनी हजारो वेबसाइटी बघायच्या आणि प्रत्येकीपुढं 'खरी' किंवा 'खोटी' अशी नोंद करायची. त्या नोंदींवरून कॉम्प्युटर आपला आपण ताडायला शिकणार. आणि मेला शिकलासुद्धा. सरांना महिना लागायचा ते काम तासाभरात उरकायला लागला. कंपनीच्या मालकीणबाई संध्या मॅडम चहाचा कप घेऊन आता मृण्मयीच्याच टेबलाशी उभ्या राहायच्या. मधुसूदन सरांना कुणी साधं विचारेना.

मग एका दुपारी त्यांनी ते केलं. त्यांच्या वाट्याच्या यादीत वीजबिलाच्या नावानं फसवणाऱ्या बऱ्याच साइटी निघाल्या. त्यांनी एकूण एक साइटीपुढं 'खरी' अशी नोंद केली आणि घरी जाऊन पोटभर जेवले.

मृण्मयीनं मोबाईलवरचा पत्ता कॉम्प्युटरला दिला. पडद्यावर हिरवा शब्द उमटला, सुरक्षित.

आप्पासाहेब बोट टेकवणार तोच मधुसूदन सर उठून आले. त्यांनी मोबाईलवर नजर टाकली न टाकली. "दाबू नका. खोटी आहे. वीज कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता असला असतो व्हय?"

"लई तयार नजर हाय तुमची," आप्पासाहेब म्हणाले. मग ते संध्या मॅडमकडं वळले. "बाई, असला माणूस तुमच्यापाशी असताना मला हे मशीन कशापायी गळ्यात मारता? परवा येतो परत. तवर सुधरलं तर बोलू, नाय तर राहू द्या."

ते जिना उतरून गेल्यावर मॅडमनी विचारलं, "चूक कुणाची?"

"माझी," मृण्मयी म्हणाली.

"मग परवापर्यंत निस्तर. नाहीतर तुझं तू बघ."

मधुसूदन सरांना आठ महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. चहा मागवताना मॅडमनी त्यांना कोरा की दुधाचा असंसुद्धा विचारलं.

संध्याकाळी निघताना ते मुद्दाम मृण्मयीच्या टेबलाशी थांबले. धीर द्यायला म्हणून थांबले, पण खरं तर तिचं उतरलेलं तोंड जवळून बघायचं होतं. डोळे पुसत ती कॉम्प्युटरवरच्या याद्या पुसून टाकत होती.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"कुणाच्या तरी नोंदी चुकल्यात सर. त्याशिवाय हा असा फसणार नाय. पण कुणाच्या ते धुंडाळत बसायला आता वेळ कुठंय? म्हणून माझ्यासकट चौघांच्या नोंदी काढून टाकल्या." तिनं मान वर केली आणि कसंबसं हसून म्हणाली, "उद्या त्याला पहिल्यापासून शिकवते. फक्त तुमच्याच नोंदी ठेवल्यात."